दार वाजवणारा माणूस

बिग बीव्हर रोडवरची ती बिल्डिंग आता नाहीये. २०२३ च्या शेवटी पाडायला घेतली, पण त्याआधी कित्येक वर्षं ती रिकामीच पडून होती, गडद रंगाचे मोठाले ठोकळे एकमेकांना चिकटवून ठेवल्यासारखी, आणि भोवती भलंमोठं पार्किंग लॉट, त्याच्या भेगाभेगांतून गवत आलेलं. केमार्टचं, म्हणजे एके काळी देशभर दुकानं असलेल्या कंपनीचं, हेडक्वार्टर. मी मिशिगनमधल्या या ट्रॉय गावात आले फेब्रुवारी २००१ मध्ये, लग्नाला दोन महिने झालेले, नवरा गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत डिझाइन इंजिनियर, आणि तेव्हा ती बिल्डिंग नुसती गजबजलेली असायची.

त्याच वर्षी त्या बिल्डिंगच्या लॉबीत दोन मुलं आली होती, अंगात केमार्टच्या गोळ्या घेऊन. हे अलंकारिक नाहीये, खरंच अंगात गोळ्या होत्या. कोलोरॅडोतलं कोलंबाइन हायस्कूल, २० एप्रिल १९९९, शाळेतल्याच दोन विद्यार्थ्यांनी बारा मुलं आणि एक शिक्षक मारले, त्यातून वाचलेली ही दोघं, एक कायमचा व्हीलचेअरवर. गोळ्या केमार्टच्या दुकानातून घेतलेल्या, एकेक सतरा सेंटला. त्यांना घेऊन आला होता डॉक्युमेंटरी सिनेमे करणारा मायकल मूर, कॅप घातलेला, ढगळ कपड्यातला, आणि त्याचं मागणं एवढंच होतं की आम्हाला माल परत करायचाय.

त्या दिवशी मी तिथून दीड मैलावर माझ्या अपार्टमेंटमध्ये होते. मला काहीही माहीत नव्हतं.

मला हे कळलं २००३ च्या हिवाळ्यात, लायब्ररीतून मूरच्या ‘बोलिंग फॉर कोलंबाइन’ची डीव्हीडी आणली तेव्हा. तो सीन आला आणि मी पॉज करून नवऱ्याला हाक मारली, अहो इकडे या, ही आपली बिल्डिंग. मग आम्ही दोघांनी तो सीन परत पहिल्यापासून बघितला. कंपनीची एक प्रेसवाली बाई खाली येते, गोड बोलते, निरोप देते म्हणते, मग तासन्‌तास कोणी येत नाही, सूट घातलेली माणसं जातायत येतायत, आणि ती मुलं तिथे बसून. त्यातला एक शर्ट वर करून जखमा दाखवतो. कोणी त्यांना हाकलत नाही आणि कोणी हो पण म्हणत नाही. ज्यांनी ज्यांनी सरकारी किंवा कुठल्याही मोठ्या ऑफिसात ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ ऐकलंय त्यांना ते बसणं लगेच ओळखू येईल.

मग ती मुलंच म्हणतात, जवळच्या केमार्टमध्ये जाऊन त्यांच्याकडच्या सगळ्या गोळ्या विकत घेऊ. घेतात. आणि दुसऱ्या दिवशी पत्रकारांना बरोबर घेऊन परत त्याच दारात. आणि कंपनीची बाई बाहेर येऊन कागद वाचते की नव्वद दिवसांत आम्ही हँडगनच्या गोळ्या विकणं बंद करतोय. मूरचा चेहरा त्या क्षणी बघण्यासारखा आहे. त्याला हे अपेक्षितच नव्हतं. तो परत परत विचारतो, म्हणजे पूर्ण बंद? सगळ्या दुकानांत? इतकी वर्षं दारं वाजवून ती न उघडण्याचीच सवय झालेल्या माणसाचा चेहरा आहे तो.

मला त्यातलं ‘माल परत करायचाय’ फार लागलं. का सांगते. अमेरिकेत आल्यावर मला कळलेली पहिली आश्चर्याची गोष्ट म्हणजे इथे घेतलेलं परत करता येतं. पावती जपायची आणि काउंटरवर जाऊन फक्त म्हणायचं, नको. आमच्याकडे लक्ष्मी रोडवर पाटीच असायची, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मी पहिल्या महिन्यात राइस कुकर परत केला, हातपाय थरथरत होते, आणि त्या मुलीने हसून पैसे परत दिले. इथलं हे इतकं साधं, रोजचं, सगळ्यांना मान्य असलेलं वचन. मूरने काय केलं तर तेच वचन घेतलं आणि त्यांच्याच काउंटरवर नेऊन ठेवलं. खोट निघालेला माल परत घेता ना तुम्ही? मग हा घ्या, या मुलाच्या मणक्यापाशी आहे. मला वाटतं खरं व्यंग हेच. कोणाची नक्कल करणं, कोणाच्या केसांवर बोलणं हे सोपं आहे, त्याला हसून लोक झोपायला जातात. पण ज्याच्या हातात सत्ता आहे त्याचा स्वतःचाच नियम गंभीर चेहऱ्याने त्याला वाचून दाखवायचा, तेव्हा हसू येतं आणि अर्ध्यात थांबतं. त्या थांबलेल्या जागेत काहीतरी घडू शकतं.

आता भीतीबद्दल. ती मला पुस्तकातून शिकावी लागली नाही. ११ सप्टेंबर २००१ ला मला इथे येऊन सात महिने झाले होते. चारच दिवसांनी ॲरिझोनातल्या मेसा गावात एका शीख गॅस स्टेशन मालकाला गोळी घालून मारलं, पगडी बघून. पुण्याहून आईचा रोज फोन, ‘बाहेर जाऊ नकोस, कुंकू लावू नकोस, आणि तिकडे कोणाशी काही बोलू नका, आपण पाहुणे आहोत तिथे.’ आम्ही गाडीच्या काचेला छोटा प्लॅस्टिकचा अमेरिकन झेंडा लावला. आमच्या ओळखीतल्या कितीतरी देशी लोकांच्या गाड्यांना होता. मला या देशाबद्दल प्रेम वाटायला लागलं होतं हे खरं आहे, पण तो झेंडा प्रेमाने लावला नव्हता. हायवेवर तो फडफडायचा, त्याचा टरटर आवाज काच बंद असली तरी आत यायचा, आणि मला प्रत्येक वेळी आठवायचं की आपण घाबरलोय.

२००३ मध्ये इराकवर हल्ला व्हायच्या आधी लायब्ररीबाहेर दोन म्हाताऱ्या बायका युद्धाविरुद्ध सह्या गोळा करत होत्या. मी थांबले, वाचलं, आणि सही न करता निघून आले. ग्रीन कार्डचे कागद चालू होते. मग २३ मार्चला ऑस्कर होतं, युद्ध सुरू होऊन चार दिवस झालेले, आणि या माणसाला बेस्ट डॉक्युमेंटरीचं मिळालं आणि तो बरोबर नॉमिनेट झालेल्या सगळ्यांना स्टेजवर घेऊन आला आणि राष्ट्राध्यक्ष बुश यांचं नाव घेऊन म्हणाला की तुम्हाला लाज वाटायला हवी. अर्धं सभागृह टाळ्या, अर्धं हुर्यो, आणि बँड वाजवून त्याला खाली उतरवला. मी सोफ्यावर बसून बघत होते आणि मला त्या न केलेल्या सहीची आठवण झाली.

मूर मूळचा फ्लिंटकडचा. ट्रॉयपासून पाऊण तास. जनरल मोटर्सचं गाव, त्याचे वडीलही जीएमच्याच स्पार्क प्लगच्या कारखान्यात होते. ऐंशीच्या दशकात कंपनी एकामागून एक प्लांट बंद करायला लागली, गावातली तीसएक हजार माणसं बेकार झाली, आणि याने ठरवलं की जीएमचे चेअरमन रॉजर स्मिथ यांना फ्लिंटला आणून ही घरं दाखवायची. ‘रॉजर अँड मी’, १९८९. पैसे नव्हते, घरी बिंगोचे खेळ ठेवून त्याने निधी जमवला. सिनेमाभर तो चेअरमनच्या मागे, डेट्रॉइटच्या ऑफिसात, चौदाव्या मजल्याच्या लिफ्टपाशी, आणि दर वेळी गार्ड परत पाठवतो. आणि दुसरीकडे एक डेप्युटी शेरीफ दारोदार फिरतोय, भाडं थकलेल्यांना घराबाहेर काढत. त्याचं दार वाजवणं मात्र कधी वाया जात नाही. शेवटी चेअरमन ख्रिसमसचं भाषण करतायत आणि इकडे ख्रिसमसच्या आदल्या दिवशी एका कुटुंबाचं सामान, सजवलेल्या झाडासकट, रस्त्यावर आणून ठेवतायत. तिथे मला बोलता येईना. माझ्या घरी पगार येतो तो याच धंद्यातून येतो.

पण एक बोलायलाच हवं, आणि मला हा माणूस आवडतो म्हणूनच बोलायला हवं. तो कात्री चालवतो. त्या सिनेमात घटनांचा क्रम पुढेमागे केलाय. रेगन फ्लिंटला येऊन बेकारांबरोबर जेवतात ते १९८० चं, उमेदवार असतानाचं, आणि सिनेमात ते नंतर घडल्यासारखं वाटतं. कोलंबाइनच्या सिनेमात बंदूकवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष चार्ल्टन हेस्टन हातात बंदूक उंचावून ‘माझ्या मेलेल्या थंडगार हातातून’ वगैरे, म्हणजे जिवंतपणी बंदूक सोडणार नाही असं, म्हणतात आणि लगेच डेन्व्हरची सभा, कोलंबाइननंतर दहाबारा दिवसांतली. बघणाऱ्याला वाटतं ते तिथलंच. ते वाक्य वर्षभरानंतरच्या, शार्लटमधल्या सभेतलं. डेन्व्हरला सभा झालीच होती, मेलेल्या एका मुलाचे वडील बाहेर बोर्ड घेऊन उभे होते, एवढं पुरेसं होतं ना? जिथे खरं असलेलंच इतकं जड आहे तिथे वरून अजून वजन टाकायची गरज काय? याने नुकसान त्याचं नाही होत, ज्यांचं सामान रस्त्यावर आलं त्यांचं होतं. समोरच्याला हात झटकायला कारण मिळतं, बघा, खोटं आहे सगळं. सत्तेशी भांडणाऱ्याने हिशोब समोरच्यापेक्षा चोख ठेवावा लागतो, हे अन्यायाचं आहे पण आहे तसंच आहे.

त्याच सिनेमात एक भाग आहे जो मी दुसऱ्यांदा बघू शकले नाही. फेब्रुवारी २००० मध्ये फ्लिंटजवळच्या एका शाळेत सहा वर्षांच्या मुलाने वर्गातल्या सहा वर्षांच्या मुलीला गोळी घातली. पहिलीतली मुलं. बंदूक त्याला मामाच्या घरात सापडली. तो मामाकडे का, तर आईला भाडं थकल्यामुळे घरातून काढलं होतं. आणि आई कुठे होती, तर सरकारी मदतीच्या बदल्यात काम करावंच लागेल या योजनेखाली पहाटे बस धरून ऑबर्न हिल्सच्या मॉलमध्ये, दोन नोकऱ्या करत होती. मुलाला बंदूक घेऊन जाताना तिने बघितलं नाही कारण ती घरी नव्हतीच. तो मॉल आमचा मॉल आहे. ट्रॉयहून पंधरा-वीस मिनिटं. थंडीत मुलांना घेऊन तिथे नुसतं फिरायला जायचो, बूट तिथून, जॅकेट तिथून, काउंटरमागच्या बायकांकडे मी किती वेळा न बघता कार्ड पुढे केलं असेल. सिनेमा बघितल्यानंतर पहिल्यांदा गेले तेव्हा बसस्टॉप शोधला. एक बाई कामाचा टीशर्ट घालून, कोटाची टोपी ओढून उभी होती. फ्लिंटकडे जाणारी होती की आणखी कुठे, मला काय माहीत.

सिनेमा असं विचारतो की इथेच एवढ्या गोळ्या का, आणि पलीकडे कॅनडात का नाही. डेट्रॉइटहून नदी ओलांडली की विंडसर, पाच मिनिटांचा पूल. तिथेही बंदुका आहेत, तेच सिनेमे, तेच व्हिडिओ गेम. आणि मग तो कॅनडातल्या एका वस्तीत जाऊन लोकांची दारं ढकलून बघतो, दिवसाढवळ्या, आणि ती उघडतात, कुलूपच नाही. आतले लोक चकित होऊन बघतात पण ओरडत नाहीत. त्याचं उत्तर भीतीकडे जातं, रोज संध्याकाळच्या बातम्यांत भरवली जाणारी भीती, तिच्यावर कुलपं विकली जातात, अलार्म विकले जातात, बंदुका विकल्या जातात आणि मतंही. हे उत्तर पूर्ण आहे असं मला वाटत नाही, बंदूक मिळणं इतकं सोपं नसतं तर नुसत्या भीतीने काही झालं नसतं. पण आमच्या गाडीवरचा झेंडा आठवला की वाटतं, बरंचसं बरोबर आहे.

२००४ च्या जुलैमध्ये मूरचा बुश आणि इराक युद्धावरचा ‘फॅरनहाइट ९/११’ आम्ही थिएटरात बघितला. मी सात महिन्यांची गरोदर होते. डिस्नेने आपल्या कंपनीला तो दाखवू दिला नाही, फ्रान्समधल्या कान फिल्म फेस्टिव्हलला त्याला सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं, आणि शेवटी दुसऱ्यांनी आणला तेव्हा एकट्या अमेरिकेत त्याने जवळजवळ बारा कोटी डॉलर कमावले, डॉक्युमेंटरीने! थिएटर फुल होतं. आइसक्रीमच्या गाडीवरून मूर भोंग्यावर पेट्रिअट ॲक्ट, सरकारला लोकांवर पाळत ठेवू देणारा कायदा, वाचतो, कारण खासदारांनी तो न वाचताच पास केला, तिथे सगळे खदखदून हसले. मग फ्लिंटची एक आई येते. रोज सकाळी घरासमोर झेंडा लावणारी, सैन्यात मुलं पाठवल्याचा अभिमान असणारी. तिचा मुलगा एप्रिल २००३ मध्ये करबलाला मारला गेला. ती त्याचं शेवटचं पत्र वाचते. मग एकटी व्हाइट हाउससमोर जाते, आणि तिथे कोणीतरी अनोळखी बाई म्हणते, हे सगळं नाटक आहे. आणि ती म्हणते माझा मुलगा नाटक नाहीये. थिएटरात खोकल्याचा आवाज नव्हता. माझ्या शेजारी बसलेला, लष्करी टोपी घातलेला म्हातारा माणूस तोंडावर हात धरून बसला होता. घरी आल्यावर नवऱ्याने काही न बोलता आमच्या गाडीचा झेंडा काढला, तोवर त्याचा रंग पार उडाला होता, आणि नीट घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला. नोव्हेंबरमध्ये बुश परत निवडून आले. सिनेमाने सरकार पडत नाही.

मग काय होतं? मला डॉक्युमेंटरी करणाऱ्या बार्बरा कॉपलचं आठवतं. केंटकीतल्या हार्लन काउंटीत १९७३-७४ मध्ये कोळसा खाणकामगारांचा संप, मालकाची माणसं बंदुका घेऊन पहाटेच्या अंधारात, गोळ्या झाडल्या, कॅमेरावाल्यांना मारहाण झाली. आणि ती सांगते की कधीकधी कॅमेऱ्यात फिल्म नसायची तरी तो खांद्यावर घेऊन उभं राहायचो, कारण कोणी बघतंय म्हटलं की हात जरा आवरले जायचे. रिकामा कॅमेरा! कोणीतरी इथे उभं आहे एवढंच ते असतं.

आणि ते उभं राहणं हल्ली महाग होत चाललंय. लॉरा पोइट्रसने इराकवर सिनेमा केल्यानंतर विमानतळावर तिला परत परत बाजूला घेऊन चौकशी व्हायची, वर्षानुवर्षं, शेवटी ती बर्लिनला जाऊन राहिली आणि सरकारची पाळत उघड करणाऱ्या स्नोडेनवरचा सिनेमा तिथे पूर्ण केला. विमानतळावर बाजूला घेणं म्हणजे काय हे आमच्यातल्या पुष्कळांना माहितीये. २०२५ मध्ये तर रात्रीच्या टीव्हीवरच्या विनोदवाल्यांवर आलं. जुलैत सीबीएसने कोल्बेअरचा शो बंद करणार म्हणून सांगितलं, कारण म्हणे पैशाचं, पण त्यांच्याच मालक कंपनीने त्याच महिन्यात ट्रम्पशी दीड कोटींच्या वर डॉलर देऊन तडजोड केली होती आणि कोल्बेअरने त्यावर टीका केली होती. सप्टेंबरमध्ये दुसऱ्या चॅनेलवरच्या किमेलला काही दिवस घरी बसवलं, लोक चिडले, परत आणलं. माझी मुलगी फोनवर म्हणाली, आई, जोकला एवढं घाबरतात? मी म्हटलं, जोकला नाही गं, जोकनंतर लोक एकमेकांकडे बघतात ना, त्याला.

ही मुलगी पाच वर्षांची असताना शाळेतून आली आणि म्हणाली, आज आम्ही दिवा बंद करून कोपऱ्यात बसलो, बाईंनी दाराला कुलूप लावलं आणि म्हणाल्या उंदरासारखं गप्प बसायचं, दाराच्या काचेतून कोणी दिसायला नको. तिने मला बसून दाखवलं, गुडघे पोटाशी घेऊन, तोंडावर हात. मी वरणाला फोडणी देत होते, मोहरी जळली.

३० नोव्हेंबर २०२१ ला ऑक्सफर्ड हायस्कूल. आमच्याच काउंटीत. पंधरा वर्षांचा मुलगा, चार मुलं मारली. बंदूक वडिलांनी चार दिवस आधी ब्लॅक फ्रायडेला घेऊन दिलेली. पुढे २०२४ मध्ये त्या आईवडिलांना मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली, मुलाने शाळेत केलेल्या सामूहिक गोळीबारासाठी आईवडिलांना अशी शिक्षा अमेरिकेत पहिल्यांदा, आणि बंदूक कुलपात ठेवायचा कायदाही मिशिगनमध्ये त्याच वर्षी लागू झाला, पण त्या आठवड्यात यातलं काही नव्हतं. त्या आठवड्यात नुसत्या धमक्या आणि अफवा, आजूबाजूच्या शाळा बंद. माझी मुलगी बारावीत, मुलगा नऊ वर्षांचा. दोघं घरात. शुक्रवारी दुपारी मुलगा म्हणाला मी शेजारी खेळायला जाऊ का.

शेजारचे काका जीएममधून रिटायर झालेले. आमच्यापेक्षा खूप आधीपासून या गल्लीत. त्यांचा नातू माझ्या मुलाचा मित्र. दर हिवाळ्यात न सांगता आमच्या दारासमोरचा बर्फ काढतात, मी दिवाळीत चकल्या देते. तीन वर्षं माझा मुलगा त्यांच्या बेसमेंटमध्ये खेळत होता. आणि तीन वर्षांत मी एक प्रश्न त्यांना विचारला नव्हता, कारण लाज वाटायची, वाईट वाटेल त्यांना, आपण कोण विचारणारे.

मी मुलाला म्हटलं, थांब, मी येते. चप्पल घालूनच गेले, बाहेर पातळ बर्फ होता. दार वाजवलं. ते हसत आले. मी पाठ केलेलं सगळं विसरले आणि एकदम विचारलं, तुमच्या घरात बंदूक आहे का, आणि ती कुलपात असते का?

त्यांचं हसू गेलं. बराच वेळ ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, तीन आहेत. दोन तिजोरीत. एक पलंगाशेजारच्या ड्रॉवरमध्ये.

मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, मी सांगतेय त्याला किती दिवस.

मी थँक यू म्हणाले, दुसरं काही सुचलं नाही, आणि मुलाला म्हटलं आज तू त्यालाच आपल्याकडे बोलव. रात्रभर वाटत राहिलं आपण शेजार तोडला. रविवारी पहाटे बर्फ पडला आणि सातच्या सुमारास बाहेर फावड्याचा खरखर आवाज आला. मी दार उघडलं. ते आमच्याच पायरीवरचा बर्फ काढत होते. मान वर न करता म्हणाले, ड्रॉवर रिकामा केलाय, आणि पुढे खरडत राहिले.